पहिली मोटरसायकल घेताय? पुण्याच्या रस्त्यांवर कुठली घ्यायची, कशी शिकायची आणि मग मनापासून चालवायची कशी

मोटरसायकल घेतोय असं नुसतं बोलून बघा, लगेच दोन प्रश्न येतात, "किती देते?" आणि "किती पळते?" दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, पण आयुष्यात पहिल्यांदा गिअरची गाडी घेणाऱ्याने त्याआधी एक तिसरा प्रश्न स्वतःला विचारायला पाहिजे, तो म्हणजे ही गाडी बंद असताना मला सांभाळता येते का? पार्किंगमधून मागे ओढता येते का, उतारावर उभी धरता येते का, जागच्या जागी वळवून लावता येते का? कारण पुण्यात तुमचा खरा वेळ ऐंशीच्या स्पीडला जात नाही, तो जातो सिग्नलला, पेठेतल्या बोळात आणि पी-वन पी-टूच्या, म्हणजे सम-विषम तारखांच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे आपली गाडी घुसवण्यात.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिली गाडी शिकायला घ्यायची आणि स्वप्नातली गाडी दुसरी घ्यायची. ज्याला पहिली गाडी हातात बसते तो पुढे वर्षानुवर्षं आनंदाने चालवतो. ज्याला पहिल्याच गाडीने घाबरवलं तो थोड्या दिवसांत परत स्कूटरवर जातो आणि ती महागाची मोटरसायकल कव्हर घालून पार्किंगमध्ये पडून राहते, अशी एक तरी गाडी तुमच्या सोसायटीत नक्की सापडेल.

सगळं क्रमाने सांगतो, जिथे जास्त बोलायची गरज आहे तिथे जास्त बोलेन.

आधी लायसन्स काढून नीट बघा

आपल्याकडे कॉलेजपासून स्कूटर चालवलेली असते त्यामुळे लायसन्स आहेच असं लोक धरून चालतात. कार्डवर गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. तिथे विदाऊट गिअर असेल तर त्यावर मोटरसायकल चालवता येत नाही, आणि काही झालं तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघतात. गिअरच्या गाडीसाठी वय १८ पूर्ण पाहिजे, १६ व्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं.

लर्निंग लायसन्स आता सारथी पोर्टलवर आधार वापरून घरबसल्या परीक्षा देऊन निघतं. ते ६ महिने चालतं, आणि निघाल्यापासून ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सच्या टेस्टचा स्लॉट घेता येतो. हे ३० दिवस म्हणजे थांबायचे दिवस नाहीत, शिकायचे दिवस आहेत. गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावा आणि या काळात कुणाला डबलसीट घेऊ नका, मागे बसलाच तर लायसन्सवाला शिकवणारा माणूसच बसला पाहिजे. टेस्टला आठचा आकडा पाय न टेकवता काढावा लागतो. तो गाडी हळू चालवता येण्यावर असतो, जोरात चालवण्यावर नाही, आणि पुढचं सगळं त्याच एका गोष्टीवर उभं आहे.

वजन आणि सीटची उंची

लोक सीसी बघून गाडी निवडतात, तुम्ही वजन बघा. हीरो स्प्लेंडर साधारण ११२ किलोची आहे, होंडा युनिकॉर्न १४० च्या आसपास, रॉयल एनफिल्डची हंटर ३५० म्हणजे १८१ किलो आणि क्लासिक ३५० तर १९५ किलो. म्हणजे स्प्लेंडर आणि क्लासिकमध्ये जवळजवळ एका मोठ्या माणसाचा फरक आहे आणि तो माणूस तुम्हाला सदाशिव पेठेत रोज संध्याकाळी हाताने ढकलायचाय. चालू गाडीत वजन जाणवत नाही हे खरं आहे, पण नवा माणूस चालू गाडीवरून सहसा पडत नाही. तो पडतो थांबताना. सिग्नलला पाय टेकवतो, पायाखाली खडी किंवा खड्डा येतो, गाडी एका बाजूला कलते आणि एका ठरावीक कोनाच्या पुढे गेली की कितीही ताकदीचा माणूस ती धरू शकत नाही. हलक्या गाडीत तो कोन बराच उशिरा येतो, एवढंच साधं गणित आहे.

दुसरी गोष्ट सीटची उंची. स्प्लेंडर ७८५ मिलीमीटर, हंटर ७९०, दीडशे-एकशेसाठ सीसीच्या बहुतेक गाड्या ७९० ते ८०० च्या मधे, आणि हीरोच्या एक्सपल्स २०० सारखी उंच गाडी ८२५. आकडा लिहून घ्या पण आकड्यावर निर्णय घेऊ नका, कारण सीट रुंद असली की तेवढ्याच उंचीला पाय कमी पोचतो आणि पुढे निमुळती असली की जास्त. शोरूममध्ये तुम्ही रोज घालता ते बूट घालून जा, गाडीवर बसा, स्टँड काढा आणि दोन्ही पाय टेकवा. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही, पण दोन्ही पायांचे चवडे पूर्ण आणि एका पायाची टाच एवढं तरी जमलं पाहिजे. मग गाडी डावी-उजवी थोडी कलवून बघा, किती कलली की हाताला घाम फुटतो ते तुम्हालाच कळेल. सेल्समन घाई करेल, करू दे.

उंची कमी असलेल्या मुलींना आणि मुलांना शोरूमवाले लगेच सीट कापून देतो, सस्पेन्शन खाली करून देतो असं सांगतात. पहिल्या गाडीत या भानगडीत पडू नका, जी गाडी कंपनीतून आली तशीच तुम्हाला बसते ती घ्या, पर्याय भरपूर आहेत.

मग कुठली?

रोजचं जाणं-येणं असेल, हडपसर ते स्वारगेट किंवा वाकड ते हिंजवडी, आणि महिन्यातून कधीतरी बाहेर, तर सव्वाशे सीसी अगदी पुरते. शाइन, रेडर, एक्सट्रीम १२५ या गाड्या हलक्या आहेत, पेट्रोलला किफायतशीर आहेत आणि कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करतो. पण तुमच्या मनात घाट असतील, मागे कुणी बसणार असेल, वजन जरा जास्त असेल तर दीडशे-एकशेसाठचा वर्ग घ्या, पल्सर एन१६०, अपाचे १६०, एफझी, युनिकॉर्न. पुण्यातल्या नवख्यासाठी हाच वर्ग सगळ्यात योग्य आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सिंहगडाचा चढ डबलसीट चढते, हायवेला सत्तर-ऐंशीला आरामात राहते, आणि तरी वजन दीडशे किलोच्या आसपासच असतं.

याच वर्गाला मी जास्त झुकतं माप देतो त्याचं आणखी एक कारण ब्रेक. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे, त्याच्या खाली बऱ्याच गाड्यांना नुसतं सीबीएस येतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवा माणूस घाबरला की पुढचा ब्रेक कचकन दाबतो, ओल्या रस्त्यावर चाक लॉक होतं आणि गाडी क्षणात खाली. एबीएस हे चाक लॉक होऊ देत नाही. सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल म्हणजे दोन्हीला. चार-पाच हजारांचा फरक असेल तर ड्युअल घ्या, रंग आणि ब्लूटूथच्या मीटरवर पैसे घालवण्यापेक्षा इथे घाला. खडीवर किंवा मातीवर एबीएस जादू करत नाही एवढं मात्र लक्षात ठेवा.

हंटर किंवा क्लासिक मनात असेल तर ती वाईट गाडी नाही, इंजिन शांत आहे, खालच्या स्पीडला छान ओढते, फक्त वजनाची तयारी पाहिजे. केटीएमची ३९० ड्यूक मात्र पहिली गाडी म्हणून नको. ती बनते आपल्या चाकणलाच, गाडी जबरदस्त आहे, पण ४६ पीएस ताकद आणि १७० किलोच्या आतबाहेर वजन, म्हणजे रेस जरा जास्त पिळली गेली की काय होतंय हे कळायच्या आत गाडी पुढे गेलेली असते. नवख्याचा हात खड्ड्यात गाडी आदळली की आपोआप पिळला जातो आणि पुण्यात खड्ड्यांची कमी नाही. दोन वर्षांनी घ्या, तेव्हा तिचा खरा आनंद कळेल.

घरात आई किंवा आजी एका बाजूला पाय सोडून मागे बसणार असेल तर तिला घेऊन शोरूमला जा. स्पोर्टी गाड्यांची मागची सीट उंच आणि तिरकी असते, तिथे साडी नेसून बसणं म्हणजे शिक्षा आहे. साडी गार्ड आणि धरायचा दांडा आहे का बघा. हे कुणी आधी विचारत नाही आणि मग गाडी घरी आली की तोंडं वाकडी होतात.

टेस्ट राईड

शोरूमवाला तुम्हाला सरळ रस्त्यावर एक चक्कर मारायला लावतो आणि सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान वाटतात. तुम्ही तीन गोष्टी करून बघा. एक, गाडी बंद ठेवून दहा-पंधरा पावलं मागे ढकला. दोन, पहिल्या गिअरमध्ये माणूस चालतो त्या स्पीडला, पाय न टेकवता. तीन, एका बाजूला पूर्ण हँडल वळवून यू-टर्न, एकदा डावा एकदा उजवा. यातच क्लच किती जड आहे, हँडल टाकीला किंवा गुडघ्याला लागतं का, इंजिन खालच्या स्पीडला गचके देतं का, सगळं बाहेर येतं. स्वतःला अजून चालवता येत नसेल तर चालवणाऱ्या मित्राला न्या पण बसून बघायचं काम तुमचंच, ते कुणी दुसरा करू शकत नाही.

नवी की जुनी

माझा कल नवख्यासाठी चांगल्या जुन्या गाडीकडे आहे. शिकताना गाडी एकदा-दोनदा आडवी होणारच, नव्या गाडीच्या टाकीला चरा पडला की जीव तुटतो, जुनीचा नाही तुटत. शिवाय पुणं हे जुन्या गाड्यांसाठी सोन्याची खाण आहे, आयटीतली मुलं बदली झाली की दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी विकून जातात. पण डोळे उघडे ठेवून घ्या.

विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. गेल्यावर सायलेन्सरजवळ हात नेऊन बघा, गरम असेल तर त्याने आधीच चालू करून ठेवली आहे आणि थंड इंजिनचं स्टार्टिंग तुमच्यापासून लपवलंय. थंड इंजिन एक-दोन प्रयत्नांत चालू झालं पाहिजे. धूर निळसर असेल आणि तो जातच नसेल तर इंजिन ऑइल जाळतंय, तिथूनच परत फिरा. सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते ती चालते. मग गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागे बसवून पुढचं चाक उचलून धरा आणि हँडल हळू डावीकडून उजवीकडे फिरवा, मधेच खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलेला आहे. पुढच्या शॉकअपच्या नळीवर ऑइलचा ओला रिंगण आहे का बघा. चेन स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर पूर्ण सेट बदलायचा खर्च आहे, तो किमतीतून कमी करा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२२ असेल तर तो २०२२ सालातल्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली तरी फार जुना टायर कडक होतो आणि पावसात पकडत नाही.

कागद यापेक्षा महत्त्वाचे. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्याशी स्वतः डोळ्यांनी जुळवा. लोन होतं का, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ पाहिजे. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, फॉर्म २८. एमएच-१२ आणि एमएच-१४ सुद्धा दोन वेगळी आरटीओ आहेत हे बरेच जण विसरतात. राहिलेले ई-चलान ऑनलाइन दिसतात, ते विकणाऱ्याकडून भरून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीये का ते बघा. आणि आरसी नावावर झाली की इन्शुरन्सही १४ दिवसांत नावावर करून घ्या, फक्त आरसी बदलून भागत नाही.

नवीच घ्यायची असेल तर

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्याच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के झालाय, त्यामुळे पहिल्या गाडीसाठी पैशाच्या हिशोबानेही हाच वर्ग बरा. शोरूममध्ये कायम ऑन-रोड किमतीचं लेखी कोटेशन मागा आणि एकेक ओळ वाचा. आरटीओ टॅक्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स हे भरावंच लागतं, पण हँडलिंग चार्जेस, टेफ्लॉन कोटिंग, जबरदस्तीच्या अॅक्सेसरीज यांना सरळ नाही म्हणा. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचं कोटेशन घेऊन जा, तिथल्या तिथे आकडा खाली येतो. नव्या टू-व्हीलरला थर्ड पार्टी ५ वर्षांचा घ्यावाच लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा असतो आणि तो दरवर्षी आठवणीने भरायचा.

दसरा, पाडवा, धनत्रयोदशी या दिवशी डिलिव्हरी घ्यायची हौस सगळ्यांना असते आणि असायलाच पाहिजे, हार, पेढे, चाकाखाली लिंबू, मग गाडी घेऊन देवाला, हा आनंद वेगळाच. फक्त त्या दिवशी शोरूममध्ये एवढी गर्दी असते की गाडी नीट तपासायला कुणाला वेळ नसतो. म्हणून एक-दोन दिवस आधी जाऊन तुमच्या नावाची गाडी बघून घ्या, बनवल्याचा महिना आणि वर्ष, चरे, लाइट, हॉर्न, टायर. मुहूर्ताला फक्त किल्ली घ्या. आणि घरी नेताना सांभाळून, नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, वळणावर झुकवू नका.

हेल्मेटचे पैसे गाडीच्या बजेटमधूनच

हेल्मेटवरून पुण्यात जेवढे वाद झालेत तेवढे क्वचितच कुठे झाले असतील. मला त्या वादात पडायचं नाही, मी एवढंच सांगेन की हेल्मेट ट्रॅफिकच्या मामांसाठी नाही, तुमच्या कपाळासाठी घ्यायचंय. गाडी ठरवायच्या आधीच हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि शक्य असेल तर जॅकेट यांचे पैसे बाजूला काढा, मग उरलेल्यात गाडी बसवा. उलटं केलं की हेल्मेट कायम "पुढच्या महिन्यात" जातं.

हेल्मेट फुल फेस घ्या आणि त्यावर आयएसआयचा मार्क असलाच पाहिजे, त्या मार्कच्या वर आयएस ४१५१ लिहिलेलं असतं. फूटपाथवरच्या हेल्मेटवर पण तसं स्टिकर चिकटवलेलं असतं म्हणून ब्रँडच्या दुकानातून किंवा नाना पेठेत माहितीतल्या दुकानातून बिल घेऊन घ्या. डोक्यात घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, मान हलवली की हेल्मेट वेगळं फिरता कामा नये. दहा मिनिटं दुकानात घालून ठेवा, कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर साइज किंवा आकार चुकलाय. पट्टा हनुवटीखाली घट्ट लावायचा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही, बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोलचा थर दबलेला असतो. आणि डबलसीट बसणाऱ्यासाठी दुसरं हेल्मेट पहिल्यासारखंच चांगलं घ्या.

शिकायचं कसं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. रविवारी सकाळी सहाला एखादं मोकळं मैदान किंवा नव्या स्कीमचा रिकामा रस्ता गाठा आणि पहिले दोन-तीन दिवस फक्त क्लच शिका, रेसला हातच लावायचा नाही. गाडी चालू, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर, आता क्लच अगदी मिलीमीटरने सोडत जा. एका ठिकाणी इंजिनचा आवाज किंचित खाली बसतो आणि गाडी पुढे जायला बघते, तोच क्लचचा पॉइंट. तिथे बोटं थांबवा, गाडी दोन फूट पुढे जाऊ द्या, परत क्लच दाबा. परत तेच. बोटांना ती जागा न बघता सापडायला लागेपर्यंत करत राहा, कंटाळा आला तरी करा. ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडणं, मागून हॉर्न वाजणं, घाबरून रेस देणं, गाडी उडी मारणं, नवख्याचे हे सगळे त्रास या एका पॉइंटवर संपतात.

मग हळू चालवणं. माणूस चालतो त्या स्पीडला गाडी सरळ ठेवायची असेल तर रेस थोडी आणि एकसारखी, क्लच अर्धा दाबलेला, आणि स्पीड कमी करायला पायाचा मागचा ब्रेक हलका. पुढचा ब्रेक हँडल वळलेलं असताना अजिबात नाही, बहुतेक पडणं तिथेच होतं. नजर पुढच्या चाकाकडे नको, जिकडे जायचंय तिकडे. यू-टर्न घेताना मान आधी वळवा, खांद्यावरून मागे बघा, गाडी नजरेच्या मागे येते. खड्ड्याकडे बघितलं तर खड्ड्यात जाणार हे पण तसंच.

ब्रेक हा वेगळा धडा. स्कूटरवरून आलेल्यांना मागच्याच ब्रेकची सवय असते. पण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, त्यामुळे थांबवायचं खरं काम पुढचं चाक करतं. मोकळ्या कोरड्या रस्त्यावर तीसच्या स्पीडला दोन्ही ब्रेक एकदम लावून थांबा, पुढचा लिंबू पिळल्यासारखा, आधी हळू आणि मग घट्ट, झटका नाही. तीसला जमलं की चाळीस. एबीएस असेल तर एकदा मुद्दाम जोरात दाबून लिव्हरमधली ती थरथर अनुभवून घ्या म्हणजे खरी वेळ आली की दचकून ब्रेक सोडणार नाही.

हे सगळं अंगात मुरल्यावर मग रस्ता. आधी सकाळचे रिकामे रस्ते, मग दुपारचे, गर्दीची वेळ सगळ्यात शेवटी. लक्ष्मी रोड आणि चांदणी चौक पहिल्या आठवड्यात नकोच.

पुण्याचा रस्ता, आणि पुण्याचा पाऊस

आपल्याकडे कुणीही कुठूनही येतं असं समजूनच चालवावं लागतं. उलट्या बाजूने येणारे, वळताना इंडिकेटर न देणारे, उभ्या रिक्षातून उजव्या बाजूने उतरणारे प्रवासी. स्टॉपवर थांबलेल्या पीएमपीच्या डाव्या बाजूने कधीही गाडी काढू नका, तिथे माणसं उतरत असतात. सिग्नल हिरवा झाला तरी आधी दोन्हीकडे बघून मगच सोडा. ट्रकच्या किंवा बसच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार नवख्याने टाळावा, तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन वारंवार अपघात झालेत, साताऱ्याकडून येताना जुन्या कात्रज घाटातून या.

पहिला पाऊस सगळ्यात धोक्याचा. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं ऑइल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. पहिल्या पावसात अर्धा तास कुठेतरी चहा घेऊन थांबलात तर काही बिघडत नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक यावरून जाताना गाडी सरळ ठेवा, ब्रेक नाही, रेस नाही. बाणेर-म्हाळुंगे-हिंजवडीकडे बांधकामांच्या ट्रकमधून सांडलेला चिखल असतो, त्याचंही तसंच. साचलेल्या पाण्यात खड्डा किती खोल आहे ते पुढची गाडी सांगते, म्हणून पाण्यात पहिले शिरू नका.

पहिल्या राईड

आता मजेचा भाग. पहिली राईड छोटी ठेवा. खडकवासला ओलांडून पानशेतकडचा रस्ता सकाळी लवकर सुंदर असतो, बाजूला पाणी दिसत राहतं आणि वळणं सौम्य आहेत. रविवारी दहाच्या आत खडकवासल्याची चौपाटी पार करून परत यायचं, नाहीतर गर्दीत क्लच दाबून हात दुखतो. दुसरी राईड बोपदेव घाटाने सासवड, तिथे नाश्ता, सीझन असेल तर पुरंदरची अंजिरं, मग नारायणपूर, केतकावळे, कापूरहोळला हायवेला लागायचं आणि जुन्या कात्रज घाटाने घरी. यात चढ, उतार, गावातला रस्ता, हायवे सगळं थोडं-थोडं मिळतं.

घाटात उतरताना न्यूट्रल कधीही नाही. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा, इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक गरम होत नाहीत. स्पीड वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि आपल्या डाव्या बाजूलाच. सिंहगड सोपा वाटतो पण रस्ता अरुंद, चढ उभा आणि शनिवार-रविवारी समोरून गाड्यांची रांग, त्यामुळे तो मधल्या वारी करा. ताम्हिणी आणि वरंधा नंतरचे, भर पावसात तर अजिबात नाही, दरडी पडतात. मुंबईला जायचं झालं तर एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी आहे, जुना हायवेच घ्यायचा.

ग्रुप राईडला जायच्या आधी नेत्याला सरळ सांगा की मी नवा आहे. चांगला ग्रुप नवख्याला पुढून दुसरा ठेवतो, शेवटी नाही, कारण शेवटचा माणूस गाठायच्या नादात आपल्या ताकदीबाहेर पळवतो. ज्या ग्रुपला हे माहीत नाही त्यांच्याबरोबर जाऊ नका.

गाडीची काळजी

नवी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेलं रनिंग-इन पाळा, पहिले हजार-एक किलोमीटर इंजिन ताणायचं नाही आणि एकाच स्पीडला तासन् तास पळवायचं नाही. पहिली सर्व्हिस वेळेवर, त्यातलं ऑइल बदलणं चुकवायचं नाही. बाकी रोजचं काम थोडंच आहे. आठवड्यातून एकदा टायर थंड असताना हवा, पंपवाल्याच्या अंदाजाने नाही, चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) लिहिलेल्या आकड्याने, डबलसीट असेल तर मागच्या चाकात जास्त. दर पाचशे किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर चेन पुसून चेन ल्यूब मारा, जुनं इंजिन ऑइल नको, ते माती धरतं. चेन मधोमध बोटाने वर-खाली दाबून बघा, साधारण २० ते ३० मिलीमीटर हलली पाहिजे, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. इंजिन ऑइलची पातळी महिन्यातून एकदा बघा, गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी करून.

आणि एक मेकॅनिक धरा. घराजवळचा, जो तुम्हाला समोर उभं राहून काम बघू देतो आणि काढलेला जुना पार्ट हातात देतो. त्याच्याकडे दोन-चार तास बसून प्लग काढणं, क्लच केबल अॅडजस्ट करणं, फ्यूज बदलणं शिकून घ्या, सीटखाली एक जादा फ्यूज आणि प्लग पाना टाकून ठेवा. पानशेतच्या पुढे गाडी बंद पडली आणि मोबाईलला रेंज नसली की तेवढ्यानेच काम भागतं.